थंडीला विचारा – का?



डिसेंबर महिना आला की पेटीतले स्वेटर बाहेर निघतात. रजया आणि गोधड्या उन्हात पडतात. सकाळी तोंड धुताना नळाचे पाणी बोचू लागते. याच दिवसांत अनेक शाळांत स्नेहसंमेलने होतात आणि सामान्यज्ञानाच्या स्पर्धाही होतात. मग मुले प्रश्नोत्तरांची पुस्तके घेऊन बसतात. ‘सर्वांत लहान दिवस कोणता?’ ‘२२ डिसेंबर!’ उत्तर पाठ झाले की पुढचा प्रश्न.

पाठ केलेले उत्तर स्पर्धेपुरते उपयोगी पडते. पण त्या उत्तराला ‘का?’ असा एकच शब्द विचारला, तर ते आयुष्यभर उपयोगी पडते. कधी कधी जीवही वाचवते. या पाठात आपण थंडीविषयी काही प्रश्न विचारणार आहोत. उत्तरे शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. थंडी नावाची वेगळी वस्तू नसते. उष्णता कमी झाली की आपण तिला थंडी म्हणतो. म्हणून प्रत्येक वेळी तीन गोष्टी शोधायच्या : उष्णता कोठून येते? ती कोठे जाते? आणि तिला कोण धरून ठेवते?

आता सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू.

१. डिसेंबर बारावा महिना, मग त्याच्या नावात ‘दहा’ का?

फारसीत १० या संख्येला ‘दह’ म्हणतात, उर्दूत ‘दस’ आणि मराठीत ‘दहा’. प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत तिला ‘डेकेम’ म्हणत. हे सारे शब्द एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत. ‘डेकेम’वरूनच ‘डिसेंबर’ हे नाव पडले. रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई. मार्चपासून मोजा बरे! सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा आणि डिसेंबर दहावा येतो. पुढे वर्षाची सुरुवात जानेवारीपासून धरली गेली. डिसेंबरचा क्रमांक बदलला, पण नाव तेच राहिले.

२. हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते का?

हा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येते, ‘हो!’ विस्तवापासून दूर गेले की थंडी वाजते, तसेच हे असणार असे सर्वांना वाटते. पण खरी गोष्ट उलटी आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात! तेव्हा ती सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर अंतरावर असते. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. म्हणजे आपण कुडकुडत असतो तेव्हा सूर्य आपल्याला अधिक जवळ असतो.

मग थंडी का पडते? पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. डिसेंबरमध्ये उत्तर गोलार्ध सूर्यापासून दुसऱ्या बाजूला कललेला असतो. त्यामुळे आपल्याकडे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे सूर्याचे किरण तिरपे पडतात. दुसरी म्हणजे दिवस लहान होतो.

तिरप्या किरणांनी काय होते, हे टॉर्चने पाहता येते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च सरळ खाली धरा. जमिनीवर लहान, लख्ख गोल दिसेल. आता टॉर्च तिरपा करा. गोल लांबट होईल आणि फिका पडेल. प्रकाश तेवढाच आहे, पण तो जास्त जागेत वाटला गेला. उन्हाचेही तसेच आहे. मे महिन्याच्या मध्यात मुंबईत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच पोहोचतो. श्रीनगर आणखी उत्तरेला आहे. तेथे तो सुमारे ३२ अंशांच्या वर चढतच नाही.

दिवसाची लांबीही पाहा. २१ किंवा २२ डिसेंबरला मुंबईत दिवस सुमारे ११ तासांचा असतो, श्रीनगरला तो १० तासांपेक्षाही थोडा कमी भरतो. म्हणजे उष्णता मिळते कमी वेळ, आणि तीही पातळ होऊन.

३. डिसेंबरमध्ये सगळ्या जगात थंडी असते का?

क्रिकेट आवडणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक असेल. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात कसोटी सामना सुरू होतो. तेथील प्रेक्षक टोप्या घालून आणि अंगाला उन्हापासून बचावाचे मलम लावून बसतात. कारण आपला गोलार्ध सूर्यापासून दुसरीकडे कलतो, तेव्हा दक्षिण गोलार्ध सूर्याकडे कलतो. आपला हिवाळा हा त्यांचा उन्हाळा!

आणखी दक्षिणेला अंटार्क्टिका खंड आहे. नॉर्वेचा संशोधक रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. तेथे पाऊल ठेवणारी पहिली तुकडी त्याचीच. एवढ्या बर्फाच्या जागी तो डिसेंबरात कसा गेला? कारण तोच तेथील उन्हाळा. त्या काळात ध्रुवावर सूर्य चोवीस तास दिसतो. मग बर्फ का वितळत नाही? आपली तिसरी किल्ली वापरा. किरण फार तिरपे असतात, आणि पांढरा बर्फ बहुतेक ऊन परत आकाशात फेकतो. उष्णता आली, पण कोणी धरून ठेवली नाही!

आता एक फसवा प्रश्न. जमिनीवरील केंद्रांत मोजलेले जगातील सर्वांत कमी तापमान कोणत्या महिन्यातले असेल? डिसेंबर? नाही. अंटार्क्टिकावरील व्होस्टोक या केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. जुलै, कारण तो तेथील हिवाळा.

४. सर्वांत लहान दिवस २१–२२ डिसेंबरला, मग कडाक्याची थंडी नंतर का?

काश्मीरमधील लोकांनी थंडीचे तीन भाग पाडले आहेत. त्यांची नावे उर्दू जाणणाऱ्याला लगेच कळतील. पहिला भाग ‘चिल्ला-ए-कलाँ’, म्हणजे मोठा चिल्ला. तो २१ डिसेंबरला सुरू होतो आणि ४० दिवस चालतो. ‘चिल्ला’ हा शब्दच मुळी फारसीतल्या चाळीस या संख्येवरून आला आहे. त्यानंतर २० दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’, म्हणजे लहान चिल्ला. शेवटी १० दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’! अशी ही ७० दिवसांची थंडी.

‘खुर्द’ हा शब्द तुम्ही महाराष्ट्रातही पाहिला असेल. एस. टी. बसच्या पाटीवर गावांची नावे वाचा. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. फारसीतल्या ‘बुजुर्ग’ या शब्दाचे मराठीत ‘बुद्रुक’ झाले. बुद्रुक म्हणजे मोठे गाव आणि खुर्द म्हणजे लहान गाव. काश्मीरची थंडी आणि महाराष्ट्राची गावे, दोघांनी एकच शब्द वापरला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोठा चिल्ला नेमका लहान दिवसाला सुरू होतो, संपत नाही. असे का? घरखर्चाचे उदाहरण घ्या. मिळकतीपेक्षा खर्च जास्त असेल, तर शिल्लक घटत जाते. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, म्हणजे उष्णतेची मिळकत वाढू लागते. पण काही आठवडे ती खर्चापेक्षा कमीच असते. लांबलचक रात्री जमीन जितकी उष्णता गमावते, तितकी दिवसा भरून निघत नाही. म्हणून शिल्लक घटतच राहते आणि जानेवारीत थंडी आणखी वाढते.

तरीही डिसेंबरला कमी समजू नका. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे श्रीनगरमध्ये उणे ८.५ अंश सेल्सिअस तापमान होते. मागच्या ५० वर्षांत तेथे डिसेंबरची एवढी थंड रात्र झाली नव्हती.

५. दल सरोवर गोठते, मग मासे का मरत नाहीत?

तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राचे नाव ‘बहर-ए-मुंजमिद शुमाली’ असे असते. ‘मुंजमिद’ म्हणजे गोठलेला. श्रीनगरचे दल सरोवरही कडक थंडीत वरून मुंजमिद होते. ‘वरून’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि जड होतात. पाणीही आधी तसेच वागते. वरचे पाणी थंड झाले की जड होऊन तळाशी जाते. पण ४ अंश सेल्सिअसच्या खाली पाण्याचा स्वभाव बदलतो. आणखी थंड होताना ते फुगू लागते आणि हलके होते. त्यामुळे सर्वांत थंड पाणी वरच राहते आणि शून्य अंशाला त्याचा बर्फ होतो. बर्फ पाण्याहून हलका असल्याने तरंगतो. तोच सरोवराची रजई बनतो. खालच्या पाण्यातील उष्णता तो सहज बाहेर जाऊ देत नाही. त्या पाण्यात मासे जिवंत राहतात.

पाण्याचा हाच गुण घरात मात्र त्रास देतो. नळातले पाणी गोठले की फुगते आणि लोखंडी पाइपही फोडते. म्हणून काश्मीरमध्ये हिवाळ्यात लोक पाइपांना कापड किंवा गोणपाट गुंडाळतात.

६. मुंबईला थंडी कमी आणि निफाडला जास्त, असे का?

दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात आहेत. दोघांच्या अक्षांशातही फारसा फरक नाही. पण नाशिक जिल्ह्यातील निफाड थंडीसाठी प्रसिद्ध आहे. कडाक्याच्या दिवसांत तेथील पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. मुंबईत मात्र २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले, तेच आजही तेथील नीचांक म्हणून सांगितले जाते.

मुंबईची राखण समुद्र करतो. पाणी हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. उन्हाळ्यात साठवलेली उष्णता समुद्र हिवाळ्यात थोडी थोडी सोडत राहतो. निफाड समुद्रापासून दूर आणि उंचावर आहे. तेथील जमीन सूर्य मावळला की भराभर निवते. आकाशात ढग असले तर ते गोधडीसारखे उष्णता अडवतात. आकाश निरभ्र असेल तर उष्णता सरळ वर निघून जाते. म्हणूनच चांदण्या स्वच्छ दिसतात ती रात्र जास्त थंड असते.

निफाड हा द्राक्षांचा तालुका आहे. कडाक्याच्या थंडीने द्राक्षांचे मणी तडकतात आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून तेथील शेतकरी रात्री उठून बागांत शेकोट्या पेटवतात. आपण रजईत झोपलेलो असतो, तेव्हा कोणी तरी आपल्या ताटातल्या द्राक्षांसाठी जागत असते.

७. खोबरेल तेल का गोठते?

थंडीत सकाळी बाटली उलटी केली तरी खोबरेल तेल बाहेर येत नाही. मग अम्मी ती उन्हात ठेवायला सांगतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला गोठू लागते. पाणी गोठायला शून्य अंश लागतो, म्हणून शेजारच्या तांब्यातले पाणी तसेच राहते. प्रत्येक पदार्थाचा गोठण्याचा अंश वेगळा असतो. बाटलीतले तेल पांढरे आणि घट्ट दिसले तर समजा, रात्री घरातील तापमान २४ अंशांच्या खाली गेले होते. घरातला हा एक साधा तापमापकच झाला!

८. बर्फावर लोकरीचे कापड घातले तर तो लवकर वितळेल का?

‘रजई गरम असते’ असे आपण म्हणतो. मग रजईत ठेवलेला बर्फ लवकर वितळायला हवा. करून पाहा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघड्या बशीत ठेवा. दुसरा लोकरीच्या कापडात गुंडाळून तशाच बशीत ठेवा. गुंडाळलेला तुकडा जास्त वेळ टिकेल.

याचे कारण असे की रजई स्वतः उष्णता तयार करत नाही. लोकरीत आणि कापसात हवा अडकून राहते. अशी अडकलेली हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही, तशी येऊही देत नाही. आपल्या अंगाची उष्णता ती आत ठेवते आणि बर्फापासून बाहेरची उष्णता दूर ठेवते. म्हणूनच बर्फ विकणारे लादीवर गोणपाट टाकतात. म्हणूनच चिमणी थंडीत पिसे फुलवून गोल दिसते. आणि म्हणूनच एका जाड सदऱ्यापेक्षा दोन पातळ सदरे जास्त ऊब देतात, कारण दोघांच्या मध्ये हवेचा थर राहतो.

९. दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवली तर काय बिघडले?

हा प्रश्न नीट वाचा. कोळशाची शेगडी खोलीत ठेवली, दार-खिडक्या घट्ट लावल्या आणि घरातील माणसे झोपी गेली, तर ऊब बाहेर जाणार नाही. आतापर्यंतच्या हिशेबाने ही युक्ती चांगली वाटते. पण ही युक्ती जीव घेते. दर हिवाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात.

कोळसा जळायला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांत झोंबत नाही, खोकला आणत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन साऱ्या शरीरात पोहोचवते. पण हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. माणसाचे डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्याला तर काहीच कळत नाही.

म्हणून हे नियम पाठ करा. हे मात्र खरोखरच पाठ करण्यासारखे आहेत. पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवू नये. ती पेटलेली असेपर्यंत खिडकी उघडी असावी. झोपण्यापूर्वी ती घराबाहेर न्यावी. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर हवा खेळती असली पाहिजे. कोणाला चक्कर आली किंवा गुंगी आली, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे.

१०. रब्बी, जमादी आणि रमजान यांचा थंडीशी काय संबंध?

डिसेंबरमध्ये शेतात गहू, हरभरा आणि शाळू उभे असतात. या पिकांना ‘रब्बी’ पिके म्हणतात. अरबीत ‘रबीअ’ म्हणजे वसंत ऋतू, आणि ‘खरीफ’ म्हणजे वसंताच्या उलट टोकाचा, पानगळीचा ऋतू. थंडीत वाढून वसंताच्या सुमारास हाती येते ते रब्बीचे पीक. गव्हाला तर वाढीच्या काळात थंडीच मानवते. जी थंडी द्राक्षाला नको, ती गव्हाला हवी असते!

‘रबी-उल-अव्वल’ या महिन्याच्या नावात हाच ‘रबीअ’ आहे. आणि ‘जमादी-उल-अव्वल’? त्याचे अरबी मूळ ‘गोठणे’ या अर्थाचे आहे. ‘मुंजमिद’ हा शब्द त्याच मुळाचा. ही नावे पडली तेव्हा हे महिने थंडीत येत असावेत, असे जाणकार सांगतात. मग आज जमादीचे महिने कधी उन्हाळ्यातही का येतात? कारण हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून प्रत्येक हिजरी महिना दर वर्षी ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. १९९९ साली रमजान डिसेंबरमध्ये सुरू झाला होता. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल : एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून रोजाही लहान. तो का लहान, हे आता तुम्ही आकृती काढून कोणालाही समजावू शकाल.

करून पाहा

शाळेच्या मैदानात किंवा गच्चीवर एक सरळ काठी उभी करा. २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराला तिची सावली मोजा आणि वहीत लिहा. मग दर रविवारी त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा मोजा. सावली आखूड कधी होऊ लागते आणि थंडी कमी कधी होऊ लागते, हे दोन रकान्यांत लिहीत जा. दोन तारखा एकच येतात का, ते तुमची वहीच सांगेल.

आणि आज घरी गेल्यावर नववा प्रश्न अम्मी-अब्बांना, दादी-नानींना विचारा. उत्तर त्यांना ठाऊक असेल तर उत्तमच. नसेल, तर ते आज रात्री झोपण्यापूर्वी तुम्हीच त्यांना सांगा.